आरशासमोरची ओढणी

ताई आणि भाचीबरोबर मी प्लास्टिक सर्जनकडे गेले होते. छाती भरदार दिसावी म्हणून शस्त्रक्रियेने आत बसवतात त्या सिलिकॉनच्या पिशव्यांचे नमुने टेबलावर ठेवून डॉक्टरबाईंनी सगळं समजावलं. आत मिठाचं पाणी असलेल्याही मिळतात, छातीच्या स्नायूच्या वर किंवा खाली बसवतात, जन्मभर टिकतीलच असं नाही. ताईने एवढंच विचारलं, "पुढे बाळाला पाजता येईल ना हिला?"

"बहुतेकींना येतं. पण खात्री नाही देता येत."

भाची पडद्याआड गेली, नमुने कपड्याच्या आत ठेवून आरशासमोर आली आणि जरा बाजूला वळली. फोटो पाहून स्थळांकडून नकार येऊ लागल्यापासून मी तिला इतकी ताठ उभी राहिलेली पाहिली नव्हती. मला रडूच आलं. जे झाकायला आपणच मुलींना शिकवतो, ते कमी आहे म्हणून त्यांनी असं झुरावं?

तेवढ्यात दारावर टकटक झाली. ताई लगबगीने उठली आणि लेक वयात आल्यापासून करत आली होती तशी तिची ओढणी छातीवर नीट पसरली.

आरशात भाचीचे खांदे आपोआप पुढे झुकले.