वेशीवरचा पहिला घाव

आमच्या घरात गोष्ट सांगायचं काम माझ्याकडं आहे. दुसरं कुठलं काम कुणी विश्वासानं माझ्याकडं दिलेलं नाही. लग्न असो, बारसं असो, जेवणं उरकली की पाहुणे म्हणतात, "वेशीचं सांगा." मी सांगतो. रस्ता रुंद करायचा म्हणून नगरपालिकेनं गावाची जुनी वेस पाडायला काढली, तेव्हा आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, वेशीच्या तोंडात आडवे झाले. प्राथमिक शाळेचे मास्तर, अंगावर धोतर-सदरा. "आधी माझ्यावरून जा," म्हणाले. तीन दिवस हलले नाहीत. शेवटी ताप चढला, लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं, आणि माघारी वेस पडली. मी तेव्हा पाळण्यात होतो, त्यामुळं मला सगळं अगदी स्पष्ट आठवतं. अण्णांनी मला लहानपणी सांगितलं तेव्हा एकच दिवस होता. बाकीचे दोन दिवस आणि मधला मुसळधार पाऊस मी माझ्या पदरचे घातले.

परभणीपासून एसटीनं तासाभरावरचं आमचं गाव. यंदा तिथल्या वाचनालयानं जुन्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं. मोंढ्यातल्या कापसाच्या गाड्यांची रांग, टाकीत पहिल्यांदा पाणी चढलं तो दिवस, टॉकीजपुढची गर्दी, नगरपालिकेच्या पायऱ्यांपुढं खुर्च्या मांडून बसलेली मेंबर मंडळी. फोटोंखालच्या चिठ्ठ्या मी लिहायच्या होत्या. वेशीसाठी मी अर्धी भिंत मागून घेतली होती. उद्घाटनाला बोलणारही मीच होतो.

चार दिवस आधी, बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या म्हाताऱ्या मालकानं एक पाकीट आणून दिलं. "वेशीचे हायत. तुमच्या उपयोगाला येतील."

पहिलाच फोटो वेस पाडायच्या दिवसाचा. कमानीला आंब्याच्या पानांचं तोरण. पुढं नगराध्यक्ष, बाजूला बँडवाले. आणि डावीकडून तिसरा एक तरुण माणूस, गळ्यात हार, दोन्ही हातांनी कुदळ उगारलेली, तोंडभर हसू. मी चष्मा पुसला, मग फोटो पुसला. नाक आमच्याच घरचं होतं. मी ते रोज आरशात सोसतो.

अण्णा आता पंच्याऐंशीच्या पुढं आहेत. कान शाबूत, डोळ्यांना भिंग लागतं. फोटो त्यांच्यापुढं धरला.

"अण्णा, हे कोण?"

बराच वेळ बघून म्हणाले, "मी हाय की." चेहरा खुलला त्यांचा. "त्या फोटोवाल्याकडं किती खेपा घातल्या मी. एक कापी देतो म्हणला, देलीच न्हाई."

"तुमी आडवे झालते ना?"

"झालतो की."

"मग?"

"मग उठलो. किती येळ पडून ऱ्हायचं? अध्यक्ष घरी आले. म्हणले गुरुजी, गावात मान तुमचा, पहिला घाव तुमचाच. हार आणल्ता. बँड होता."

"आन् ताप?"

"आल्ता. पण त्यो पुढच्या महिन्यात."

आई बाजूला शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर केली नाही, म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

"तीस वर्षं झाली मी सांगायलोय," मी म्हणालो. "पोरीच्या लग्नात सांगितलं. तुमी म्होरं बसून ऐकायलते. एकदा तरी म्हणायचं होतं."

"तू इतकं रंगून सांगायलतास. लोक डोळे पुसायलते. मधात कामून बोलू? आन् त्यो पाऊस तर मी बी बघितला न्हाई कधी."

कुदळ मारली याचं मला फार वाटलं नाही. हार आणि बँड दाखवला तर मीसुद्धा उद्या वाचनालय पाडायला जाईन. पण कचेरीत कारकून असताना एका खोट्या कागदावर सही करायला मी नाही म्हणालो होतो, ते या गोष्टीच्या जिवावर. साहेबानं पालमला बदली केली. सहा वर्षं एसटीच्या मागच्या सीटवर हाडं खिळखिळी करून घेतली, आणि रोज मनात म्हणत राहिलो, आपला बाप तीन दिवस हलला नव्हता. त्यातले दोन दिवस माझेच होते, हे मी सोयीनं विसरलो. मला कुणी हार आणला नाही, आणि उठायचं असतं हे मला कुणी सांगितलं नाही.

घसा बसल्याचं सांगून भाषण टाळलं. फोटो मात्र अर्ध्या भिंतीच्या मधोमध लावला. खालच्या चिठ्ठीत नगराध्यक्ष लिहिले, बँडमास्तर लिहिले, कडेला उभ्या हमालाचंसुद्धा नाव चार घरं हिंडून शोधलं. मग लिहिलं, 'डावीकडून तिसरे : ओळख पटलेली नाही.'

दुसऱ्या दिवशी अण्णा रिक्षा करून आले. इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. मी दारातल्या टेबलाशी रजिस्टर घेऊन बसलो होतो. त्यांनी आधी फोटोत स्वतःला बघितलं, मग बोट ठेवून चिठ्ठी वाचली. मास्तरच ते, दोनदा वाचली.

"ओळख पटली न्हाई म्हणून लिवलंय," मला म्हणाले.

"हो."

"कुणी लिवलं?"

"मीच."

त्यांनी भिंग खिशात घातलं आणि फोटोखालच्या बाकावर बसून राहिले. लोक येत होते, फोटो बघत होते, चिठ्ठी वाचून पुढं सरकत होते. एका बाईंनी वाकून त्यांना विचारलं, "आजोबा, तुमी गावातलं जुनं माणूस. हे कुदळवाले कोण असतील?"

अण्णांनी माझ्याकडं बोट केलं. "त्याला विचारा. गावातलं सगळं त्यो सांगतो."

बाई माझ्याकडं वळल्या. मी रजिस्टर पुढं सरकवलं आणि म्हणालो, "इथं सही करा."