लिव्हरची चौथी खाच

दोनशे गाईंच्या त्या डेअरीत ट्रॅक्टर चालवणारी ती एकटीच बाई. पहिल्याच दिवशी कुणीतरी खवचटपणे 'ड्रायव्हरीणबाई' अशी हाक मारली आणि ती तिला इतकी चिकटली, की पुढे हजेरी घेणारासुद्धा तिचं खरं नाव आठवायला क्षणभर थांबायचा. तिला त्याचं काही वाटत नसे. चाळिशी ओलांडलेली, आवाजानं खणखणीत, कामाला वाघीण. एकच गोष्ट तिला सहन होत नसे: दुसऱ्याच्या चुकीचं खापर आपल्या माथ्यावर. मग ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

तिचं काम रोजचं ठरलेलं. गाई दूध काढायला गेल्या, की गोठ्यामधल्या दोन लांबलचक सिमेंटच्या गल्ल्यांत ट्रॅक्टर घालायचा, पुढच्या लोडरच्या बकेटनं शेण ढकलत न्यायचं आणि टोकाच्या खड्ड्यात लोटायचं. ऐकायला सोपं. पण त्या गल्ल्या काही आरशासारख्या सपाट नव्हत्या. कुठं उतार, कुठं सिमेंटचा सांधा वर आलेला, मधेच गटाराचं झाकण.

असल्या जागेसाठीच तर लोडरच्या लिव्हरला चौथी खाच असते. लिव्हर मागं ओढला की बकेट वर जाते, मधे ठेवला की आहे तिथं थांबते, पुढं सारला की खाली येते. आणखी पुढं रेटला की 'टक्' असा आवाज होऊन तो फ्लोटमधे बसतो. मग तेलाचा दाब सुटतो, बकेट फक्त स्वतःच्या वजनानं जमिनीवर पडून राहते आणि जमीन उठेल तशी उठते, बसेल तशी बसते. मामाच्या वीटभट्टीवर ती ट्रॅक्टर शिकली, तेव्हा मामानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आधी बकेट जमिनीला टेकव. मग लिव्हर फ्लोटला टाक आणि हात काढ. बकेट वर असताना चुकून टाकलास तर ती धाडकन खाली येईल, आणि मी तुझ्या आईला काय तोंड दाखवू?"

इथल्या ट्रॅक्टरवर मात्र त्या खाचेच्या तोंडाशीच एक लोखंडी पट्टी दोन बोल्टांनी आवळून टाकलेली होती. लिव्हर 'खाली'पर्यंत जाई आणि पट्टीला थडकून थांबे.

"ही कशाला?" तिनं कामाला लागली त्याच आठवड्यात विचारलं होतं.

"साहेबांची ऑर्डर," एवढंच उत्तर. साहेब म्हणजे डेअरीचे मॅनेजर.

त्यामुळे रोज हातानं अंदाज घेत बसायचं. बकेट जराशी वर राहिली तर खाली शेणाचा थर तसाच. जराशी दाबली तर सगळा जोर जमिनीवर, ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग हातात नुसतं फिरायचं, आणि बकेटची धार सिमेंट कोरत जायची. सात वर्षांत गल्ल्यांना नांगरल्यासारखे चरे पडले होते. तिच्या वाट्याला त्यातली फक्त दोन वर्षं आली होती.

मग गाई लंगडायला लागल्या. आधी चार, मग नऊ. गुरांच्या डॉक्टरांनी खूर तपासले, गुडघ्यावर बसून जमिनीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ही जमीन आहे की किसणी?"

दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागला. 'ट्रॅक्टरचालकाच्या निष्काळजीपणामुळे जमिनीचे नुकसान होऊन जनावरांना इजा झाली आहे. संबंधितांनी तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.'

संबंधितांनी म्हणे! ट्रॅक्टर चालवणारी सगळ्या डेअरीत ती एक. तिनं कागद दोनदा वाचला. हाताला शेण लागलेलं होतं म्हणून, नाहीतर तिथंच फाडला असता.

घरी नवरा घड्याळं दुरुस्त करत बसला होता. त्याचं दुकान म्हणजे घराची पुढची खोलीच. सगळं ऐकून तो डोळ्यावरची काच न काढता म्हणाला, "लिहून दे ना, यापुढे काळजी घेईन म्हणून. विषय संपला."

"अहो, काळजी घेईन म्हणजे आत्तापर्यंत घेत नव्हते असा अर्थ होतो! तुम्ही घड्याळाचा काटा बांधून ठेवा आणि घड्याळ मागं पडलं म्हणून मला बोल लावा, चालेल?"

नवऱ्यानं काच काढली. "मग पट्टी बसवली कुणी ते आधी काढ शोधून," तो म्हणाला. माणूस शांत, पण नेमकं बोलायचा.

दुसऱ्या दिवशी ती स्टोअरमधे गेली. स्टोअर सांभाळणारे काका पंचवीस वर्षांपासून तिथं होते. कुठला बोल्ट कुठल्या डब्यातून कधी गेला हे त्यांना पाठ. तिनं विचारल्यावर त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

"सात वर्षांमागे ट्रॅक्टर नवा आला होता," ते हळू आवाजात म्हणाले. "साहेब पाहुण्यांना दाखवायला स्वतः सीटवर चढले. बकेट उचलली डोक्याएवढी. मग खाली आणायला गेले आणि लिव्हर रेटला पार शेवटपर्यंत. बकेट आली ना धाडकन! खाली चाऱ्याची गाडी होती, तिचा पापड झाला. चारा कापणारा माणूस तिथून दोन हातांच्या अंतरावर उभा होता."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी पट्टी बसली. आणि नाव लागलं भोंगेकाकांचं."

भोंगेकाका म्हणजे ट्रॅक्टर नवा आला तेव्हाचे ड्रायव्हर. प्रत्येक कोपऱ्यावर, रस्ता रिकामा असला तरी, हॉर्न वाजवल्याशिवाय वळायचे नाहीत म्हणून ते नाव. इतका जपून चालवणारा माणूस, आणि त्याला निष्काळजी ठरवून मागच्या फाटकावर बसवलं होतं. ती रोज त्यांच्यासमोरून जायची, नमस्कार करायची. तिला वाटायचं, वय झालं म्हणून बसलेत.

"काका, आणि तुम्ही गप्प राहिलात?"

स्टोअरवाले काका नटांच्या डब्याकडे बघत राहिले. "मला कुणी विचारलं नाही," ते म्हणाले.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं तिथंच एक कोरा कागद मागितला आणि खुलासा लिहिला: 'फ्लोटसमोरची पट्टी काढावी. ती असेपर्यंत मी ट्रॅक्टर चालवणार नाही.' खाली सही.

साहेबांनी तिला केबिनमधे बोलावलं. "बाई, हा खुलासा आहे की धमकी? फ्लोट धोक्याचा असतो."

"जिनाही धोक्याचा असतो, साहेब. कुणी पडलं म्हणून पायऱ्या काढून टाकता का? चढायला शिकवता ना?"

"मला शिकवू नका. कामावर जा."

ती गेली नाही. ट्रॅक्टरच्या सावलीत पाय पसरून बसली. पहिल्या दिवशी माणसांनी फावड्यांनी शेण ओढलं. दुसऱ्या दिवशी निम्मी गल्ली तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले, घोट्यापर्यंत शेणात उभे राहिले आणि तिथूनच त्यांनी डेअरीच्या मालकीणबाईंना फोन लावला.

मालकीणबाई दुपारपर्यंत पोचल्या. साठीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सगळ्यांना गल्लीच्या तोंडाशी उभं केलं. "काय म्हणणं आहे तुमचं?"

"बोलून काय कळणार? दाखवते," ती म्हणाली.

पहिली गल्ली तिनं पट्टीसकट ओढली. बकेट कुठं तरंगली, कुठं रुतली. गटाराच्या झाकणाशी असा कर्कश आवाज झाला की डॉक्टरांनी दात आवळले. मग तिनं पान्यानं दोन्ही बोल्ट सोडवले आणि पट्टी मालकीणबाईंच्या पायाशी ठेवली. ट्रॅक्टर दुसऱ्या गल्लीत घेतला. बकेट जमिनीला टेकवली, तळ सपाट आहे ना ते वाकून बघितलं, आणि लिव्हर रेटला. टक्. मग सगळ्यांना दिसेल असा हात वर धरला आणि ट्रॅक्टर पुढं काढला.

बकेट उतारावर उतरली, सांध्यावर अलगद चढली, झाकणावरून घसरत गेली. मागं ओली, स्वच्छ जमीन. नवा चरा एकही नाही. डॉक्टर पुन्हा गुडघ्यावर बसले, बोटं फिरवली आणि मान डोलावली.

"मग ही पट्टी बसवलीच का?" मालकीणबाईंनी विचारलं.

साहेब घसा खाकरून म्हणाले, "तेव्हाच्या ड्रायव्हरनं उचललेली बकेट पाडली होती, मॅडम. सुरक्षिततेसाठी—"

ट्रॅक्टरवरून तिनं स्टोअरवाल्या काकांकडे बघितलं. नुसतं बघितलं. काकांचा चेहरा लाल झाला.

"सीटवर साहेब होते," काका म्हणाले. "मी तिथं पाहुण्यांना चहा देत होतो. भोंगेकाका तर त्या वेळी गोठ्याच्या पलीकडं होते."

तिला वाटलं, आता तरी काही होईल. मालकीणबाईंनी साहेबांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. पट्टी पुन्हा बसवू नका. जुनं उगाळण्यात अर्थ नाही."

जुनं! एका माणसाची सात वर्षं फाटकावर गेली, ते जुनं?

आठवड्याभरात फलकावर नवा कागद लागला: 'व्यवस्थापनाने कामात सुधारणा म्हणून फ्लोटच्या वापरास मान्यता दिली आहे.' साहेबांनी मीटिंग घेऊन सगळ्यांना फ्लोट समजावून सांगितला, फळ्यावर चित्र काढून. बकेट आधी टेकवायची, मग लिव्हर. उचलण्याआधी फ्लोटमधून बाहेर काढायचा. तिनं करून दाखवलेलंच सगळं, तिच्याकडे न बघता. आणि तिच्या फाईलमधला निष्काळजीपणाचा शेरा? तो तसाच.

तिनं सोडलं नाही. शेरा काढावा म्हणून एक अर्ज आपल्यासाठी लिहिला, एक भोंगेकाकांसाठी. दुसरा घेऊन ती फाटकावर गेली.

"काका, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी नव्हतो सीटवर, एवढं तर मला ठाऊक असणारच की, पोरी," ते हसून म्हणाले. "सांगितलं होतं तेव्हा. दोनदा. मग वाटलं, आपण ओरडत बसलो तर लोक म्हणतील, याचंच काहीतरी असणार."

त्यांनी सही केली, सावकाश, एकेक अक्षर जोडत. दर सोमवारी ती ऑफिसात जाऊन विचारायची, "अर्जाचं काय झालं?" कारकून तिला बघून खुर्चीतच चुळबुळायचा. नवरा म्हणायचा, "तू त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ झालीस." चार महिने गेले. शेवटी दोन पाकिटं आली. दोन्हीत एकच ओळ: 'आपल्याविरुद्धचा शेरा रद्द करण्यात येत आहे.'

भोंगेकाकांनी आपलं पत्र फाटकाशीच वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. त्यांची मान जरा ताठ झालेली तिनं पाहिली. "घरी हिला दाखवतो," ते म्हणाले आणि पत्र डब्याच्या पिशवीत जपून ठेवलं. तेवढ्यात दुधाचा टँकर आला, ते फाटक उघडायला उठले.

संध्याकाळी तिनं आपलं पत्र नवऱ्यासमोर आपटलं.

"झालं ना मनासारखं?" तो म्हणाला.

"कसलं मनासारखं! 'आमचं चुकलं', दोन शब्द. एवढे लिहायला ह्यांची शाई संपली होती?"

नवऱ्यानं पत्र उचललं, उलटसुलट करून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. "पुढच्या सोमवारी विचार," तो म्हणाला.

"विचारणारच आहे," ती म्हणाली, आणि कागद शोधायला लागली.