काकी, दोन मिनिटं मशीन बंद

मंगळवारी भर दुपारी माझ्या डंखाचा, म्हणजे मसाला कुटायच्या मशीनचा, मेन स्विच कोणीतरी खटकन खाली ओढला. एप्रिल महिना, लालबागमध्ये मसाल्याचा सीझन, दहा-बारा बायका भाजलेल्या मिरच्यांचे डबे घेऊन रांगेत... आणि त्याची लोखंडी मुसळं एकदम गप्प.

बघते तर मागच्या बिल्डिंगमधला संतोष. फायर ब्रिगेडमध्ये आहे, हाफ चड्डीत फिरायचा तेव्हापासून ओळखते त्याला. ओठांवर बोट ठेवून म्हणाला, "काकी, शू... दोन मिनिटं मशीन बंद." मग त्याने भिंतीला कान लावला. खाली वाकून लादीला लावला. उठला, स्विच वर केला आणि निघून गेला.

बायका हसल्या. मीही हसले. म्हटलं, ऊन लागलं असेल.

बुधवारी परत तेच. गुरुवारी मात्र माझं डोकं फिरलं. माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की आमचे सासरेसुद्धा बाहेर जाऊन बसायचे, हे मला ओळखणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. सगळ्या रांगेसमोर ओरडले, "संतोष, वेड लागलंय का रे तुला? जा, आधी डोकं तपासून घे!"

तो मान खाली घालून गेला. तेव्हाच मला कळायला हवं होतं...

संध्याकाळी त्याची बायको आली. मला वाटलं भांडायला आलीय, मीही पदर खोचून तयार. ती तर पायरीवर बसून रडायलाच लागली.

दोन महिने हेच चाललंय म्हणे. मिक्सर लावला की बंद करतो, शेजारी खिळा ठोकला की धावत सुटतो. झोप नाही, ड्युटी नाही, रजेवर आहे. "आज घरी येऊन म्हणाला, माझं डोकं गेलंय, आता काकी पण म्हणाली. असल्या माणसाचा काय उपयोग... तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलाय."

मी तिला म्हटलं, त्याच्या स्टेशनवर कोणाला तरी कळव, आत्ता, माझ्यासमोर. तिने सावंत म्हणून एकांना फोन लावला. त्याच्याच गाडीवर असतात, वयाने बरेच मोठे. ते रात्रभर त्याच्याजवळ बसून राहिले.

शुक्रवारी दुपारी सावंत त्याला घेऊन थेट माझ्याकडे आले. म्हणाले, "ताई, याला इथं कोणीतरी ठोकल्याचं ऐकू येतं म्हणतो. म्हणून म्हटलं, इथंच बसूया." स्वतःबद्दल इतकंच सांगितलं की ते डॉक्टर नाहीत, पण त्यांच्यातल्या काही जणांना ट्रेनिंग दिलंय... असं काही झालं की आपल्या माणसाजवळ जाऊन बसायचं. मशीन मी स्वतःच बंद केली.

मग त्यांच्याकडून कळलं ते असं. इमारत कोसळली की मध्येच एक शिट्टी वाजते आणि सगळं थांबतं. कटर, जनरेटर, माणसांची बडबड... ढिगाऱ्याखालून कोणी ठोकतंय का, ते ऐकायचं असतं. दोन महिन्यांपूर्वी अशाच एका ढिगाऱ्यावर संतोषने ठकठक ऐकली. सहा तास उपसत होते. खाली एक बाई होती... पोचले तेव्हा ती गेलेली होती.

संतोष तिथेच मटकन बसला. त्याची समजूत काढायला सगळे म्हणाले, अरे कसली ठकठक, आम्ही नाही ऐकली, तुला भास झाला, ती आधीच गेली असणार. हेतू चांगलाच होता हो. पण ज्याचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडाला, तो प्रत्येक ठोका थांबवून तपासणारच ना... भास की खरं?

मी संतोषकडे बघायचं टाळत होते. तो मिरचीच्या पोत्यावर बसला होता. सावंत त्याच्याजवळ सरकले.

"संतोष, मी खोटं बोललो रे. मी पण ऐकली होती."

संतोष त्यांच्याकडे बघतच राहिला. मग अगदी हळू विचारलं, "किती वेळा?"

"तीन. मग थांबून दोन."

"तीन... मग दोन," संतोष म्हणाला. आणि ओक्साबोक्शी रडायला लागला.

म्हणजे खरंच कोणीतरी ठोकत होतं. हे पोरगं ते एकट्याने डोक्यात घेऊन फिरत होतं, आणि मी त्याला रांगेसमोर वेडा म्हटलं. हे लिहितानाही अंगावर काटा येतोय.

जाताना सावंत मला म्हणाले, "ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, खोटा धीर द्यायचा नाही. तरी मी दिला. तेव्हापासून हे माझ्या पोटात होतं. याच्यासमोर यायची हिंमत होत नव्हती." पन्नाशीचा, आडदांड माणूस... तोंड फिरवून डोळे पुसत होता. मिरचीचा ठसका म्हणावा, तर मशीन बंद होती.

संतोष आता डॉक्टरांकडे जातो, सावंत बरोबर असतात. ड्युटीवर कधी जाईल माहीत नाही. या सोमवारी तो आला तेव्हा माझा हात आपोआप स्विचकडे गेला, तर म्हणाला, "राहू दे काकी, चालू दे." मी रांगेसमोरच त्याची माफी मागितली. त्या ठकठकाटात उभं राहून त्याने कटिंग चहा घेतला. मध्ये एकदा भिंतीकडे बघितलं, पण संपवला.

त्याला विचारूनच हे लिहितेय, नावं तेवढी बदलली आहेत. सावंतभाऊ फेसबुकवर नाहीत, त्यांना मी वाचून दाखवणार आहे. भाऊ, "भास झाला असेल" असं तर आम्ही सगळेच म्हणतो... "मी पण ऐकलं" म्हणायला तुम्ही आलात, म्हणून आमचा संतोष आज आहे.