दोन कुलपांचं चर्च

त्या नाताळात आमच्या चर्चच्या दाराला दोन कुलपं होती. कमिटीत भांडण झालं, एका गटाने कुलूप लावलं आणि दुसऱ्याने चिडून त्याच्याच शेजारी आपलं ठोकलं. दर रविवारी दोन्ही गट आपापल्या मांडवात बसून शत्रूवर प्रीती करण्याच्या वचनावर माना डोलवायचे आणि कळंबच्या बाजारात समोरासमोर आले की तोंडं फिरवायचे. मला या सगळ्याचा वीट आला होता. या लोकांपायी माझी देवावरची श्रद्धाच उडेल, अशी भीती वाटू लागली होती.

त्यात आई अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी हात टेकले होते. तिची एकच इच्छा उरली होती. नाताळच्या आदल्या संध्याकाळी मंडळी घरोघरी गात फिरते, तेव्हा आपल्या दारात बाळ येशूच्या गव्हाणीचं भजन व्हावं. मी दोन्ही गटांकडे गेले. पहिल्यांनी विचारलं, ते येणार आहेत का, मग आम्ही नाही. दुसऱ्यांचंही तेच. वर दोघांनीही आईला प्रार्थनेत आठवू म्हणून सांगितलं. हसावं की रडावं, मला कळेना.

त्या संध्याकाळी आईने धुतलेलं लुगडं नेसवून घेतलं आणि दाराकडे तोंड करून पडून राहिली. थंडी वाढत गेली. एक ढोलकी आमच्या वळणापर्यंत येऊन पुढे गेली. थोड्या वेळाने दुसरीही तशीच गेली. मी तणतणत दार लावायला उठले, तर आई म्हणाली, "लावू नको व. येईन कोणी."

आली ती शेजारच्या बंजारा तांड्यातली शेवंतामावशी. तिने आणि आईने वर्षानुवर्षं जोडीने कापूस वेचला होता.

"काहून दार उघडं ठेवलं व पोरी? म्हातारी गारठून राह्यली ना."

मी सगळं सांगितलं. मावशी खाटेशी बसली आणि गव्हाणीचं भजन म्हणू लागली. वेचणी करताना आई हेच गायची, ऐकून ऐकून मावशीला पाठ झालं होतं. चाल थोडी तांड्यातल्या होळीच्या गाण्यासारखी झाली होती. आईचे ओठ हलू लागले. मी भिंतीला टेकून मनसोक्त रडले.

नाताळ सरला आणि आई गेली. मयतीला मात्र दोन्ही गट हजर, दोन पाळक आणि दोन बाजाच्या पेट्या घेऊन. आईच्या उशाशी उभं राहून पहिलं गाणं कोणी म्हणायचं यावरून त्यांची कुजबुज सुरू झाली, तेव्हा माझा तोल सुटला.

"पहिलं गाणं शेवंतामावशी म्हणते," मी म्हणाले. "तुमाले येत असन तं मांगून म्हणा."

मावशीने सुरुवात केली. एक कडवं तिने एकटीने म्हटलं. मग एका पेटीने सूर धरला, पाठोपाठ दुसरीने, आणि माना खाली घालून सगळे तिच्या मागे म्हणू लागले.

चर्चची कुलपं अजून तशीच आहेत. मी चिडते, अजूनही चिडते. पण ती उघडण्यासाठी प्रभू थांबून राहिला नव्हता, हे आता मला ठाऊक आहे. मी दोन दारं ठोठावत फिरले. आईने फक्त आपलं दार उघडं ठेवलं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी मीही आता दार लावत नाही. मावशी येते, खाटेच्या जागी बसते आणि मी तिच्या मागून म्हणते.