माझ्या न झालेल्या लढाईचे सरदार

बीदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत डाळीच्या एका गोदामावर मी बरीच वर्षं सुपरवायझर होतो. दुपारी डबा खाऊन झाला की मी वही काढून कादंबरी लिहीत बसायचो. दिल्लीच्या फौजेनं बीदरच्या किल्ल्याला वेढा घातला, आत बारुदाला आग लागली आणि किल्ला पडला, हे आमच्याकडं सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. माझ्या वहीत मात्र ती आग लागतच नव्हती. किल्ला टिकला असता तर पुढं काय झालं असतं, ते मला लिहायचं होतं.

अडलो ते सरदारांपाशी. मी सहा सरदार उभे केले होते. सहाही उंच, मिशाळ, घोड्यावर बसलेले, आणि सगळे एकसारखंच बोलणारे.

गोदामाच्या फाटकावर एक निवृत्त हवालदार होते, अफझलपूर तालुक्यातल्या करजगीचे. फौजेतली नोकरी संपवून आलेले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. एका दुपारी मी संकोचतच माझे सरदार त्यांना वाचून दाखवले. सुपारी कातरत त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सर, ही लढाई तुम्ही आठ दिवसांत हरायलाव," ते म्हणाले.

"कामून, अण्णा?"

"ह्यातला एक बी वरच्याला न्हाई म्हणणारा न्हाई. आन् वेढ्यात घोड्यावर बसून करायचं काय? पाणी कोण वाटतंय, बारूद कोण राखतंय, भ्यालेल्या माणसाला जागचं कोण हलवतंय, ते बघा."

"मग घेऊ कुणाला?"

त्यांनी अडकित्त्यानंच शेडकडं दाखवलं. तिथं डाळ निवडणाऱ्या बायकांच्या मुकादम बसल्या होत्या. चिटगुप्प्याकडच्या, पन्नाशीच्या बाई. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो.

"अक्काला बारुदखाना द्या. राग आला तर ती आवाज चढवत न्हाई, उलट हळू बोलती. बारुदापाशी तसलंच माणूस पायजे."

दुसरा त्यांनी निवडला तो एक हमाल. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. "तोफा सुरू झाल्या की सगळीच फौज बहिरी होती, सर. मी बघितलंय. त्या टायमाला आपले लोक गडबडतात. हा गडबडणार न्हाई. ह्याला बुरुज द्या."

मला आधी हसू आलं. मग मी बघू लागलो. डाळ साफ करायचं यंत्र सुरू झालं की शेडमध्ये शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नसे. तेव्हा सगळेजण त्या हमालाच्या हातवाऱ्यांनीच बोलायचे. हे मी वर्षानुवर्षं बघत होतो आणि कधी ध्यानात घेतलं नव्हतं. त्या आठवड्यात मी सहाही सरदार खोडले.

ही बातमी अक्कांपर्यंत गेलीच. त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. "माझ्यावर काय लिवायलाव म्हणे?"

मी सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला. "त्या बारुदखान्याला दारं किती?"

"एक."

"एकच कामून? आत माणसं काम करायलीत न्हवं? दुसरं ठेवा." मग जरा थांबून, हळू आवाजात म्हणाल्या, "आपल्या शेडचं मागलं दार बी बारदानानं बुजलंय, सर. दोनदा सांगितलं तुम्हाला."

खरंच सांगितलं होतं. मी आज-उद्या करत राहिलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हमालांना लावून मी ते दार मोकळं केलं. कादंबरीतही दुसरं दार काढलं.

त्यानंतर महिनाभरानं, उन्हाच्या ऐन कडाक्यात, पुढच्या शटरजवळ वायरची ठिणगी बारदानावर पडली. मी वळून बघितलं तोवर जाळ वर चढला होता. यंत्र सुरूच होतं. मी ओरडलो असेन, पण कुणाला ऐकू गेलं नाही. मग मी नुसता उभा राहिलो. माझे पाय हलेनात, हे लिहायला आजही जड जातं.

अक्कांनी तोंड उघडलं नाही. दोन्ही हात वर करून त्यांनी पलीकडच्या त्या बहिऱ्या हमालाला खूण केली. त्यानं पाठीवरचं पोतं तिथंच टाकलं, मागच्या दाराची कडी काढली आणि दारात उभं राहून एकेकीला हातानं बोलावू लागला. बायका दोन-दोन करून बाहेर पडल्या. कुणी धावलं नाही, कुणी कुणाला ढकललं नाही. शेवटी अक्कांनी येऊन माझं कोपर धरलं.

"सर, चला. आता इथं आपलं काय काम न्हाई."

निम्मी शेड जळाली. माणसाला मात्र एक फोडसुद्धा आला नाही. मालकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, तेव्हा मी तिथल्या तिथं सांगितलं की मी काही केलेलं नाही, केलं ते ह्या दोघांनी. हमालाचे मी त्याच्याच खुणेनं हात छातीशी नेऊन आभार मानले. तो लाजून हसला. अक्कांना म्हणालो, "तुमच्यामुळं वाचलो आम्ही."

"दार तुम्हीच मोकळं करून दिलाव की," त्या म्हणाल्या आणि बायकांची हजेरी घ्यायला निघून गेल्या. एवढ्या मोठ्या मनानं मला आजवर कुणी माफ केलेलं नाही.

पुढं अण्णा नोकरी सोडून गावी गेले. वेढ्याचं प्रकरण लिहून झालं तेव्हा मी बसनं करजगीला गेलो. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली. मधूनमधून मान हलवली.

"चांगलं झालंय. पर बुरुजावरच्या गड्याला जेवण कोण पोचवायलंय? ते लिवलं न्हाई तुम्ही."

मी खिशातला पेन काढला. एवढ्यात त्यांच्या घरच्यांनी ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी आणून ठेवली, आणि अण्णांनी माझ्या हातातून पेन काढून घेतला. "आधी जेवा," ते म्हणाले.