वर्गाबाहेरचे विभागप्रमुख

संस्थेवर एवढं प्रेम करणारा प्राध्यापक सातारा-सांगली पट्ट्यात मी दुसरा पाहिला नाही, आणि शिकवण्याचा एवढा मनापासून कंटाळा असलेलाही. आष्ट्याजवळच्या आमच्या कॉलेजात मी मराठी शिकवतो. ते भूगोलाचे विभागप्रमुख होते. विभागात ते एकटेच असल्यामुळे प्रमुखपण त्यांना स्वतःवरच गाजवावं लागे. 'संस्था' हा शब्द ते उच्चारत तेव्हा आवाज खाली येई आणि हात आपोआप छातीवर जाई. अध्यक्षांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावायचा म्हटलं की आठवडाभर आधी माझ्या टेबलापाशी येऊन बसत. "तुम्ही मराठीचे. 'आदरणीय'च्या वरचं काहीतरी काढा की!" मी 'परमादरणीय' सुचवला. तो गेल्या वर्षी वापरून झाला होता.

वर्गावर ते जातच नसत असं म्हणणं अन्यायाचं होईल. दारापर्यंत जात. डोकं आत घालून म्हणत, "आलाय ना सगळे? वाचत बसा. संस्थेचं काम आलंय." मग ते काम दिवसभर चाले: बागेतलं पाणी, पाहुण्यांचे नारळ, स्टेजवरच्या खुर्च्यांचा क्रम. मूल्यांकनाची समिती आली तेव्हा त्यांनी फाटकापासून ऑफिसपर्यंत भाड्याच्या कुंड्या मांडल्या. समितीतल्या बाईंनी भूगोलाचा तास बघायचा आहे म्हटल्यावर हे शांतपणे म्हणाले, "आत्ताच सुटला, मॅडम." कॉलेज नुकतं भरत होतं, पोरं अजून सायकली लावत होती.

असल्या सेवेनं विभाग वाळत गेला. भूगोलाला मुलंच येईनात. शेवटी अध्यक्षांनी त्यांना बोलावून सांगितलं, यंदा वर्ग भरला नाही तर भूगोल बंद. सरांनी मान डोलवली, बाहेर आले आणि पहिल्यांदाच मला त्यांचा चेहरा उतरलेला दिसला. ऐन मे महिन्यात ते स्कूटरवरून गावोगाव प्रवेश गोळा करत हिंडले. मागं मी. नदीकाठच्या एका गावात फौजेतून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांच्या ओट्यावर बसलो होतो. सुभेदारांनी चहा पुढं केला आणि विचारलं, "आवं सर, पोरगीला घालतो तुमच्याकडं. पर शिकवतं कोण?"

"मी स्वतः," सर म्हणाले. मी समोरच्या उसाकडं बघू लागलो.

दारातून मुलीनं विचारलं, "रोज?"

"रोज. शब्द देतो."

इतक्या सहजपणे थाप मारणारा माणूस संस्थेच्या हिताचा असतो, हे मला तेव्हा पटलं.

वर्ग भरला. कॉलेज सुरू झालं. पहिल्याच दिवशी सरांनी दारातून डोकं आत घातलं आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. शेजारच्या वर्गात मी फळा पुसत होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं. सुभेदारांची मुलगी म्हणत होती, "सर, आमच्या आप्पास्नी तुमी शब्द दिल्यासा."

मग खुर्ची ओढल्याचा आवाज. सर पुस्तक उघडून वाचू लागले. तेही असं, की पुस्तकाची आणि त्यांची तिथंच ओळख होत असावी. मध्येच मुलगी म्हणाली, "सर, आमच्यात कृष्णेचा पूर घरात येतोय. नदी तर वाईचीच हाय. मग तिकडं का न्हाई येवढा येत?"

"उद्या सांगतो," सर म्हणाले.

संध्याकाळी ते ग्रंथालयात गेले. ग्रंथपालांना वाटलं, कार्यक्रमासाठी टेबलं मागायला आले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नदी निघाली: वाईकडचा उतार, कऱ्हाडला मिळणारी कोयना, सांगलीजवळची वारणा, सपाटीवर रेंगाळणारं पाणी. नदी वाकडी होती, पण सांगणं सरळ होतं. तास संपल्याची घंटा झाली तरी ते बाहेर येईनात. पुढं हे रोजचंच झालं. अध्यक्षांचा शिपाई बोलवायला आला तरी म्हणत, "तास संपला की येतो म्हणावं." शिपाई घाबरून माझ्याकडं आला, "सरांची तब्येत बरी हाय न्हवं?"

पण नोकरी संपत आली होती. दिवाळीनंतर ते वयानुसार निवृत्त झाले. निरोप समारंभात अध्यक्ष त्यांच्या संस्थानिष्ठेवर भरभरून बोलले. त्या चार महिन्यांच्या शिकवण्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. सर मात्र हार सावरत सारखे मागच्या बाकांकडं बघत होते. तिथं त्यांचा वर्ग बसला होता.

परवा आष्ट्याच्या स्टँडवर सांगलीच्या गाडीची वाट बघत होतो. सर भाजीची पिशवी घेऊन उभे होते, आणि ती मुलगीही होती. सरांनी तिला विचारलं, "माझ्या जागी कोण आलं?"

"कोण न्हाई, सर. आमी वाचत बसतो."

सर पिशवी खाली ठेवून बाकावर बसले. मग विचारलं, "काय राहिलंय आपलं?"

"क्षारपड जमिनीचं."

"बस."

तिनं वही काढली. गाडी आली. कंडक्टर ओरडला, मी चढलो. खिडकीतून पाहिलं, तर सर खाली वाकून स्टँडवरच्या धुळीत बोटानं जमिनीचे थर काढत होते आणि ती त्यांच्याकडं बघत होती. दोघांनीही गाडीकडं पाहिलं नाही.