मुका लॅपटॉप आणि तुळशीवहिनी

तळा गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या तुळशीवहिनी सातवी शिकलेल्या. त्यांचे यजमान दिनानाथ हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. काचबिंदूनं त्यांची नजर गेली आणि नोकरी सुटली. मग त्यांची भाची भक्ती हिनं लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर घालून दिलं. ते पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचं. सर पुन्हा रोजचा पेपर ऐकू लागले.

एका अपडेटनंतर लॅपटॉप मुका झाला. स्पीकर चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, बिघडला होता. भक्ती परदेशी गेलेली. दुकानदार म्हणाला, ठेवून जा, सवडीनं बघतो. सरांना ते मानवेना. काय करायचं याचा त्यांना अंदाज होता, पण पडदा दिसत नव्हता. वहिनींना दिसत होतं, पण इंग्रजीची नुसती अक्षरं ओळखता येत.

"अक्षरं सांगते, तुम्ही शब्द लावा," वहिनी म्हणाल्या.

इंटरनेटवरून नवा ड्रायव्हर उतरवून घेतला. इन्स्टॉल अर्ध्यावर अडलं आणि चौकटीत काहीतरी उमटलं. वहिनी एकेक अक्षर सांगू लागल्या. मधलं एखादं सुटायचं, शब्द लागायचा नाही. सर खेकसले, नीट बघत का नाहीस म्हणून.

वहिनी थांबल्या. "वर्गात पोरं अडखळली की असंच करायचात?"

सर वरमले. "नाही. चुकलं माझं. पुन्हा सांग."

चौकट पटकन मिटायची, म्हणून वहिनींनी मोबाइलनं फोटो काढला आणि मोठा करून वाचला. ड्रायव्हर दुसऱ्याच मॉडेलचा निघाला. त्यांनी लॅपटॉप उलटा केला, खालचं बारीक नाव वाचलं आणि कंपनीच्या साइटवरून बरोबर तो उतरवला. तोही अडला, कारण जुना अजून आत बसला होता. सर म्हणाले, जुना काढून टाक. इथं मात्र वहिनींचा हात थबकला. काढल्यावर आणखी बिघडलं तर? सरांनी समजावलं, मुका तर झालाच आहे, याहून काय व्हायचं! मग वहिनींनी ड्रायव्हरांच्या यादीत आवाजाच्या ड्रायव्हरचं नाव शोधलं, ते काढलं, लॅपटॉप बंद करून चालू केला आणि नवा ड्रायव्हर घातला.

आवाज आला तेव्हा मी त्यांच्या ओटीवर होतो. सर एकही बटण न दाबता बसून राहिले. वहिनींनी पदरानं डोळे टिपले आणि पेपर उघडून दिला.

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. रोज दुपारी त्यांनी सरांकडून इंग्रजी वाचायला शिकून घेतलं. आता म्हसळ्याच्या क्रांती नावाच्या मुलीचा कॉम्प्युटर असा अडला, की तिची आई वहिनींना फोन लावते. क्रांतीलाही दिसत नाही. माझ्या ओळखीत पुष्कळ शिकलेली माणसं आहेत, पण इतका धीर मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही. परवाच त्या फोनवर सांगत होत्या, "चालू व्हईपर्यंत चहा टाका. ह्याला वेळ लागतो, घाबरायचं काय न्हाय."